आजीचा हात ‘बॅड टच’ आणि वॉचमनला मिठी, अशा लेकीला शिकवायचं तरी कसं?

पत्र : ताई, नाव-गाव छापू नका. माझी मुलगी मनू (नाव बदललंय) 13 वर्षांची आहे, डाउन सिंड्रोम आहे. दोन-तीन शब्दांचं बोलते पण बाहेरच्यांना पटकन कळत नाही. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचाराचं प्रकरण झाल्यापासून शाळांमधून सगळीकडे सेशन घेतायत, तसं तिच्या स्पेशल शाळेतही गुड टच बॅड टच झालं, बाहुली वगैरे दाखवून. तेव्हापासून सासूबाई डोक्याला तेल लावायला बसल्या की ‘बॅड टच बॅड टच’ करून हात झटकते, डेंटिस्टकडेही तेच. सासूबाईंच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाल्या मी काय वाईट आहे का गं. आणि हीच पोरगी सोसायटीच्या वॉचमनला रोज मिठी मारते, शाळेच्या रिक्षात काकांच्या शेजारी पुढे बसते कारण ते चॉकलेट देतात. मध्यंतरी पाळी सुरू झाली. कपडे अजून हॉलमध्येच बदलते. नणंद म्हणते पिशवी काढून टाका, टेन्शन संपेल. हे म्हणतात शाळाच बंद कर. दिराचं लग्न आलंय, एवढी माणसं येणार, मला आत्तापासून धडधडतंय. हिला हे सगळं कळेल का आणि कसं शिकवू?

उत्तर : ताई, बाकीचं सावकाश बोलू, आधी रिक्षा.

ते काका वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये. मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, आणि निर्णय घ्यायला ते माहीत असायची गरजही नाही. रिक्षात ड्रायव्हरच्या सीटवर दुसऱ्या कोणाला बसवायची परवानगीच नसते, तेवढं कारण पुरे. उद्या सकाळी रिक्षा आली की तुम्ही किंवा यजमान खाली जा आणि सरळ सांगा, काका, मनू मागेच बसेल, आणि खाऊ देऊ नका, आम्ही बाहेरचं देत नाही. मग एक विचारा की सगळ्यात शेवटी कोण उतरतं. मनू शेवटी उतरत असेल तर किती वेळ ती रिक्षात एकटी असते ते एकदा स्कूटरवर मागे मागे जाऊन स्वतः बघा, आणि उतरवायचा क्रम बदलून घ्या, नाही जमलं तर मावशी असलेली व्हॅन किंवा बस शोधा, चार पैसे जास्त जातील. असं सांगितल्यावर साधा माणूस ‘बरं’ म्हणतो आणि विषय संपतो. ‘एवढा पण विश्वास नाही का आमच्यावर’ असं जो सुरू करतो त्याच्याकडे जरा जास्त लक्ष ठेवा. आणि सांगूनही परत पुढे बसवलेली दिसली तर त्या दिवसापासून ती रिक्षा बंद, चर्चा नाही.

हे आधी का सांगितलं, कारण मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत ‘मुलीला कसं शिकवू’ एवढंच असतं. शाळेने सेशन घेतलं, बाहुली दाखवली, फोटो काढून ग्रुपवर टाकले की सगळ्यांना हायसं वाटतं आणि मग नकळत सगळी जबाबदारी त्या पोरीवर येते, म्हणजे उद्या काही झालंच तर ‘अगं शिकवलं होतं ना तुला’. तेरा वर्षांच्या, नीट बोलता न येणाऱ्या मुलीने चाळीस वर्षांच्या माणसाला थांबवायचं ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2012 साली अनेक अभ्यास एकत्र करून आलेला आकडा आहे, बौद्धिक किंवा मानसिक अक्षमता असलेल्या मुलांना लैंगिक हिंसेचा धोका इतर मुलांपेक्षा 4.6 पट. त्यांना कळत नाही म्हणूनच हे होतं असं नका समजू. त्यांच्याभोवती मदतीच्या नावाखाली खूप हात असतात आणि त्यांच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, हे करणाऱ्याला नेमकं माहीत असतं. आणि हा करणारा अनेकदा अनोळखी नसतोच. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाचा 2007 चा मोठा अभ्यास होता, 13 राज्यांतल्या बारा हजारांवर मुलांशी बोलून केलेला, त्यात निम्मे करणारे मुलाच्या ओळखीतले किंवा विश्वासातले निघाले. त्यामुळे ‘अनोळखी माणसाशी बोलू नको’ एवढ्यावर थांबणारं शिक्षण अर्ध्या धोक्याकडे पाठ करून उभं असतं.

आता तेलाचं.

मनू चुकलेली नाहीये हो. तिला सांगितलं की जो हात आवडत नाही तो बॅड, आवडतो तो गुड. तेल लावताना केस ओढले जातात, आवडत नाही, बॅड. डेंटिस्ट दुखवतो, बॅड. चॉकलेट देणाऱ्या काकांच्या शेजारी बसून हँडल बघायला मिळतं, मज्जा, गुड. तिने शिकवलेलं अगदी बरोबर लावलंय, शिकवणंच गंडलेलं आहे. कारण शोषण करणारा माणूस सुरुवातीला कधी दुखवत नाही, तो गुदगुल्या करतो, मोबाइल बघायला देतो, लाड करतो. उलट इंजेक्शन दुखतं आणि ते मात्र करून घ्यावं लागतं. तेव्हा हे दोन शब्द घरात बंद करा, शाळेलाही तसं सांगा. ‘चांगला-वाईट’ ओळखायला जी अटकळ लागते ती आपल्यालाही कितीदा जमत नाही. मनूला लागतात ते नियम, डोळ्यांना दिसणारे, रोज सारखे असलेले.

पण नियमाच्याही आधी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते सगळ्यात मोठी तीच आहे, ती म्हणजे मनूचं ‘नको’ घरात चालतं का?

विचार करून बघा, मनू दीड-दोन वर्षांची असल्यापासून काय ऐकत आलीय. बस. हात खाली. इकडे बघ. तोंड उघड. फिजिओ झाली, ओटी (रोजची कामं करायला शिकवणारी थेरपी) झाली, स्पीच झालं, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मोठ्या माणसाने तिचा हात धरून, पाय वाकवून, हनुवटी वर करून काहीतरी करून घेतलं आणि ती गप्प बसली की ‘गुड गर्ल’. ते गरजेचं होतं, मी थेरपीच्या विरोधात नाही. पण अकरा-बारा वर्षं आपण तिला एकच शिकवलंय की मोठं माणूस अंगाला हात लावेल तेव्हा मुकाट बसायचं. आणि मग एका दिवशी एक ताई येऊन अर्ध्या तासात सांगून जाते की नको म्हणायचं, ओरडायचं, पळायचं. कुठून म्हणेल? म्हणून मला खरं सांगायचं तर, मनूने आजीचा हात झटकला हे वाचून मला बरं वाटलं. निदान शब्द तरी सापडलाय तिला.

सासूबाईंना जवळ बसवून सांगा की आई, ती तुम्हाला वाईट म्हणत नाहीये, ‘आत्ता नको’ म्हणायला शिकतेय, आणि ती पहिल्यांदा तुमच्यावर करून बघतेय कारण तुम्ही रागावणार नाही याची तिला खात्री आहे. मग नवी पद्धत. आजीने वाटी घेऊन समोर यायचं, मागून नाही. ‘मनू, तेल लावू?’ आणि थांबायचं. ही मुलं उत्तर द्यायला वेळ घेतात, मनातल्या मनात दहापर्यंत मोजा, आपल्याला तेवढंही थांबवत नाही. नको म्हणाली तर ‘बरं, जेवल्यावर?’ किंवा ‘तू लाव, मी मागचं लावते’. सुरुवातीचे काही दिवस डोकं कोरडं राहील, राहू दे, तेलावाचून कोणाचं अडलेलं नाही.

हेच गुदगुल्यांना, हेच मिठीला, हेच आत्याच्या गालगुच्च्याला. ‘पापा दे बघू, नाही दिलास तर मी बोलणार नाही’ हे लाडात म्हटलेलं वाक्य आपल्या घराघरांत आहे आणि ते मला फार घातक वाटतं, कारण उद्या दुसरा कोणी हेच वाक्य याच सुरात वापरतो. मनू थांब म्हणाली की त्या सेकंदाला हात बाजूला, हसत हसत सुद्धा ‘अजून एकदाच’ नाही.

काही गोष्टींना नको चालत नाही, मग तिथे काय? औषध, दाढ, रक्त काढणं. तिथे खोटं बोलू नका. ‘काही नाही गं होत’ म्हणून चौघांनी दाबून धरण्यापेक्षा ‘मनू, हे नको वाटतंय ना, पण करावं लागणार आहे, मी हात धरते, दहा म्हटलं की संपेल’ आणि खरंच दहाला थांबवायला डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. डेंटिस्टकडे एकदा नुसतं खुर्चीत बसून यायचं, काही न करता. चांगले डॉक्टर हे करतात, जे वैतागतात त्यांच्याकडे जाऊ नका.

नियम कोणते म्हणाल तर थोडेच ठेवा. पहिला चड्डीचा नियम. चड्डी आणि ब्रा किंवा स्लिपच्या आतलं अंग मनूचं स्वतःचं, ते कोणी बघायचं नाही, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, आणि दुसऱ्याने त्याचं दाखवलं किंवा हात लावायला सांगितला तरी तेही नाही. पण आंघोळ आहे, पॅड आहे, डॉक्टर आहे, मग? तिथे ‘कोण’ आणि ‘कशासाठी’ हे फोटोने ठरवून टाका. बाथरूमच्या दाराच्या आत एक पुठ्ठा लावा, त्यावर आईचा फोटो, आजीचा फोटो, शाळेतल्या ज्या एका मावशी तिला मदत करतात त्यांचा फोटो. या तिघींव्यतिरिक्त बाथरूममध्ये मनूसोबत कोणी नाही, बाबा नाही, दादा नाही, आत्या आली असली तरी आत्या नाही. डॉक्टर बघतील तेव्हा आई खोलीत असणार. बस, एवढंच, वर ‘कधी कधी चालतं’ वगैरे जोडत बसू नका, या मुलांना ‘कधी कधी’ कळत नाही, आणि खरं तर गैरफायदा घेणारा माणूस त्या ‘कधी कधी’मधूनच आत शिरतो.

अवयवांची नावं नीट शिकवा. आपल्याकडे एक तर ‘शू ची जागा’ असते नाहीतर ‘शेम शेम’. शेम शेम तर आजपासून बंद. ज्या जागेचं नाव घेतलं की सगळे हसतात किंवा दटावतात त्या जागेबद्दल पोरगी काही झालं तर बोलेल का? छाती, ढुंगण, योनी, हे शब्द आंघोळीच्या वेळी गुडघा-कोपर म्हणावं तितक्या सहज म्हणा. तुम्हाला पहिल्यांदा जीभ अडखळेल, चार दिवसांत सवय होते. उच्चार जमत नसेल तर बोट ठेवून दाखवता येईल असं माणसाचं साधं चित्र, पुढून आणि मागून, वहीत काढून ठेवा. आणि बोलणं कमी असल्यामुळे संवादाचं काहीतरी साधन हवंच, आयआयटी बॉम्बेने केलेलं जेलो नावाचं मोफत अ‍ॅप मराठीत आहे, किंवा साधा चित्रांचा तक्ता चालेल, पण एक तपासून बघा. बहुतेक तक्त्यांवर पाणी, भूक, शू, टीव्ही, खेळायचंय हे सगळं असतं. ‘नको’, ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘भीती वाटते’, ‘घरी जायचं’ आणि रोजच्या माणसांचे फोटो नसतात. ज्या मुलीकडे तक्त्यावर रिक्षावाल्याचा फोटोच नाही ती त्याच्याबद्दल सांगणार कशी?

कपडे बदलायचे ते दार लावून, आणि हा नियम फक्त मनूला लावू नका. घरात बाबा टॉवेलवर हॉलमध्ये फिरत असतील आणि आई हॉलमध्येच साडी नेसत असेल तर मनूला तुम्ही काय सांगणार. दार वाजवून आत जायचं, तुम्हीसुद्धा, तिच्या खोलीतसुद्धा. वेगळी खोली नसेल, वन-रूम-किचन असेल, तर पडदा लावा आणि पडद्याबाहेरून ‘येऊ का’ विचारा, चालतं. पॅड बदलणं तिला स्वतःला यायला हवं, वेळ लागेल पण येतं. चड्डीवर पॅड कुठे बसतं तिथे मार्करने रेघ मारा, पायऱ्यांची पाच-सहा चित्रं ओळीने लावा, पाळी नसताना पॅडवर लाल रंगाचा थेंब टाकून सराव घ्या, शेवटची पायरी आधी तिच्याकडून करून घ्या आणि मग एकेक मागे या. एवढं यासाठी सांगतेय की जेवढं ती स्वतः करेल तेवढे तिच्या अंगाला लागणारे परके हात कमी.

दुसरा नियम मिठीचा. पाच वर्षांची डाउनची मुलगी मिठी मारते तेव्हा सगळ्यांना इतकी गोड वाटते, ‘किती प्रेमळ असतात हो ही मुलं’, आणि तेच सगळे ती पंधराची झाली की अंग चोरतात किंवा त्याहून वाईट. ती पंचवीस वर्षांची असताना जे वागणं चालेल तेच आज शिकवायचं. घरातल्यांना मिठी. नातेवाईक, शेजारच्या मैत्रिणी, टीचर यांना टाळी किंवा हाय-फाइव्ह. बाकी जगाला नमस्कार, आपल्याकडे हात न लावता भेटायची इतकी छान सोय आहे, वापरा. जमिनीवर खडूने एकाभोवती एक तीन गोल काढा, आतल्या गोलात मनूचा फोटो, मग घरचे, मग ओळखीचे, आणि सगळ्या गोलांच्या पलीकडे बाहेरचे, आणि रोज एक फोटो हातात देऊन ‘हे कुठे ठेवायचे’ हा खेळ खेळा. इथे आपली एक सवय आडवी येते, आपण वॉचमन काका, दूधवाले काका, रिक्षावाले काका, सगळ्यांनाच काका करून ठेवतो, आणि मनूच्या डोक्यात तिचा सख्खा काका आणि हे एकाच रांगेत बसतात. निदान काही वर्षं बाहेरच्यांना ‘दादा’-‘काका’ न लावता वॉचमन, ड्रायव्हर असं कामाने म्हणा, त्यांना समजावून सांगा, कोणी रागावत नाही.

वॉचमनलाही शिकवायला लागेल बरं. मनू धावत आली की दोन पावलं मागे जायचं, हात जोडायचे आणि ‘नमस्कार मनू’ म्हणायचं. बिचारा माणूस बहुतेक अवघडूनच उभा राहत असेल. आणि हे शिक्षण फळ्यावर होत नाही. वर्गात बाहुलीवर सगळं बरोबर सांगणारी मुलगी गेटवर जाऊन मिठी मारते कारण तिच्या लेखी गेट वेगळं आणि वर्ग वेगळा. म्हणून सराव गेटवरच, देवळात, किराणा दुकानात, रोज दहा मिनिटं, तेच शब्द, तोच हावभाव, महिनोन्‌महिने. एक मात्र करू नका. काही पालक मुलाची परीक्षा घ्यायला एखाद्या मित्राला चॉकलेट घेऊन पाठवतात आणि मूल फसलं की ‘बघ, गेलीस ना’. अजिबात नको. तुम्हीच पाठवलेला माणूस होता हे कळलं की तिचा तुमच्यावरचाच भरवसा जातो.

मुलगे असलेल्या आयांनो, तुम्ही वाचत असाल तर हे तुम्हालाही आहे. मुलग्यांचं शोषण होत नाही हा गैरसमज आहे, त्या 2007 च्या अभ्यासात मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या बरोबरीनेच होतं. आणि तुमच्या ऑटिस्टिक मुलाला कोणाचे केस किंवा ओढणी हातात धरायला आवडत असेल तर ‘आधी विचार’ हा नियम त्याला आत्ताच हवा, अठराव्या वर्षी बसस्टॉपवर लोक समजून घेत नाहीत, मारतात.

सांगायचं कोणाला हे तिसरं. गुपित आणि सरप्राइज यातला फरक समजावण्यात वेळ घालवू नका. नियम असा की आईपासून गुपित नाही, वाढदिवसाच्या केकचंसुद्धा नाही. रोज झोपताना दोन प्रश्न, आज काय आवडलं, आज काय नाही आवडलं, चित्रांवर बोट ठेवून. भाजी आवडली नाही, अमुकने पेन्सिल घेतली, असलंच येईल आणि ते तितक्याच लक्षाने ऐका, कारण भाजीबद्दल ऐकून घेतलं गेलं तरच पुढचं येतं. आई नसेल तर आजी, शाळेत एक टीचर, अशी तीन माणसं फोटोसकट ठरलेली असू देत.

आणि बदल बघत राहा. अचानक अंथरुणात शू व्हायला लागली, आंघोळीला नको म्हणते, रिक्षा दिसली की रडते, स्वतःला चावते, चड्डी घट्ट धरून बसते. इतर मुलाचं असं झालं तर आपण विचारतो काय झालं, स्पेशल मुलाचं झालं की ‘तिच्या कंडिशनमुळे असेल’, ‘वयात येतेय’, डॉक्टरसुद्धा कधी कधी असंच म्हणून गोळी लिहून देतात. दरवेळी शोषणच असतं असं नाही, लघवीचं इन्फेक्शन असेल, पाळीचं दुखणं असेल, शाळेत कोणी मारत असेल. पण शोधायचं.

तिने काही सांगितलंच किंवा दाखवलं तर चेहरा शांत ठेवा, आतून काहीही होवो. ‘सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा. ‘रिक्षावाल्यानेच ना?’ असं नाव तोंडात देऊ नका, ‘मग काय झालं?’ एवढंच. पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, सासूबाईंसमोर परत, यजमानांसमोर परत, असं नाही. तिने जे शब्द, जे हावभाव केले ते तसेच तारखेसकट लिहून ठेवा. नुकतंच घडलेलं असेल तर आंघोळ घालू नका, कपडे धुवू नका. आणि ‘ओरडली का नाहीस’ हे वाक्य कधीच नाही, भीतीने अंग थिजतं, मोठ्यांचंही थिजतं.

पुढे 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलिसांची तातडीची मदत). पोलिसांची धास्ती वाटते मला माहितीय, म्हणून पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. हा कायदा 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे, 18 च्या आतल्या सगळ्या मुलांना, मुलगा असो की मुलगी. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल तिथे घेता येतो, शक्यतो महिला अधिकारी, युनिफॉर्म नाही, रात्री मुलाला पोलीस स्टेशनमध्ये ठेवायचं नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करणार. आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं कलम 26, मुलाला अक्षमता असेल तर जबाबाच्या वेळी स्पेशल एज्युकेटर किंवा त्याची बोलण्याची पद्धत ओळखणारं माणूस मदतीला घेता येतं, कोर्टातही घेता येतं. अशा तज्ज्ञांची यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे असायला हवी, एज्युकेटर नाही म्हणून कोणी परत पाठवायला लागलं तर हे कलम दाखवा. मुलाच्या अक्षमतेचा फायदा घेऊन केलेला गुन्हा हा कायदा जास्त गंभीर धरतो. आणि कळूनही पोलिसांना न कळवणं हाही गुन्हा आहे, शाळेलाही लागू, ‘आपल्या शाळेचं नाव’ वगैरे ऐकून घेऊ नका. एक बारीक गोष्ट, यात वय जन्मतारखेचंच धरतात. ‘बुद्धीने ती सहा वर्षांची आहे’ हे अठरानंतर पॉक्सोसाठी चालत नाही, सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये स्पष्ट केलंय. मग दुसरे कायदे लागतात, पण शिकवणं आत्ताच सुरू करायचं हे एक अजून कारण.

नणंदेला माझ्याकडून सांगा, पिशवी काढल्याने कोणी हात लावायचं थांबत नाही. फक्त गर्भ राहत नाही, म्हणजे झालेलं कोणाला कळतही नाही, करणाऱ्याची सोयच झाली. 1994 साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींच्या पिशव्या पुण्यात ससून रुग्णालयात नेऊन काढल्या होत्या, ‘स्वच्छतेसाठी’ म्हणून, तेव्हा महिला संघटनांनी केवढं रान उठवलं होतं. इतक्या वर्षांनी हाच सल्ला घरात चहा पिता पिता दिला जातो याचा मला राग येतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 10 नुसार दिव्यांग व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय तिला मूल होणं बंद होईल असा कोणताही उपचार करता येत नाही. पाळीचा फार त्रास असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे औषधं आहेत, त्यांना दाखवा.

आणि शाळा बंद करू नका. यजमानांची भीती खरी आहे, पण घरात बसवलेल्या मुलीला बघणारे डोळे कमी होतात, सांगायला माणसं कमी होतात. त्यापेक्षा दोघं मिळून शाळेत जा आणि विचारा, टॉयलेटला मनूला कोण नेतं, त्या मावशी सुट्टीवर असल्या की कोण, थेरपीच्या खोलीच्या दाराला काच आहे का, ड्रायव्हर-शिपायांची पोलीस व्हेरिफिकेशन झालीय का. विचारल्यावर शाळा नाराज झाली तर होऊ दे. सेशन पुन्हा घ्यायचं असेल तर मुंबईची अर्पण ही संस्था याच विषयावर काम करते, त्यांना विचारायला सांगा, आणि सेशनमध्ये पालक आणि कर्मचारी बसलेच पाहिजेत ही अट घाला.

राहिलं लग्न. त्या दिवशी नवीन काही शिकवायला जाऊ नका, तिच्यासोबत सतत एक जण, तासातासाला माणूस बदलून, यादी आधीच करा म्हणजे ‘मला वाटलं ती तुझ्याकडे आहे’ होणार नाही. कार्यालयात गेल्या गेल्या तिला टॉयलेट, पाणी आणि तुमची खोली दाखवा, आणि गर्दी झाली की बसायला एक शांत कोपरा. पाहुण्यांना प्रत्येकाला समजावत बसलात तर दमाल, त्यापेक्षा फॅमिली ग्रुपवर आधीच टाकून ठेवा, मी लिहून देते, हवं तसं बदला :

‘सगळ्यांना नमस्कार. मनू लग्नाला येतेय आणि खूप खूश आहे. आम्ही सध्या तिला शिकवतोय की अंगाला हात लावायच्या आधी विचारायचं, आणि समोरच्यानेही तिला विचारायचं. तर भेटल्यावर तिला जवळ ओढू नका, पापा मागू नका, मांडीवर बसवू नका, नमस्कार करा किंवा टाळी द्या. तिने नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, तिच्या आजीलाही रोज नको म्हणते. फोटोसाठी खांद्यावर हात ठेवायचा असेल तर तिलाच विचारा, आम्हाला नको.’